पाठपुराव्याचा हक्क

न्यायालयाच्या पायरीशी उभ्या असलेल्या गरिबाला वकील मिळवून देण्याची जबाबदारी या देशाने शासनावर टाकली, त्यास आता बराच काळ लोटला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ राज्यघटनेत आला. १९८७ मध्ये विधिसेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. आणीबाणीत घडवून आणलेल्या त्या दुरुस्तीविषयी आमचे मत आजही कडवटच आहे. परंतु तिच्या पोटात ही एक तरतूद तेवढी न्याय्य होती, हे कबूल केले पाहिजे. तिच्यामागील विचार सरळ आहे. कायद्याची भाषा आणि कोर्टाची रीत ठाऊक नसणे हा माणसाचा दोष नव्हे. ज्या राज्याने ती भाषा आणि ती रीत निर्माण केली, त्यानेच तिच्यातून वाट काढून देणारा माणूसही दिला पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, जे तत्त्व आपण न्यायालयाच्या दारात मान्य केले, ते तहसील कचेरीच्या, महाविद्यालयाच्या आणि बँकेच्या दारात का अमान्य करतो? आणि तेही अशा वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत, की ज्यांचे एक वर्ष हुकले तर पुढची दहा वर्षे त्याची भरपाई करण्यात जातात?

दुधनीचे उदाहरण घेऊ. सोलापूर-वाडी लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपता संपता हे गाव लागते. गाडी थोडी पुढे गेली की गाणगापूर रोड, म्हणजे कर्नाटक. गावाला नगरपरिषद आहे, बाजार समिती आहे. हंगामात तुरीच्या पोत्यांची थप्पी अडत दुकानांच्या दारापर्यंत येते. घरात कन्नड, मोहल्ल्यात दखनी उर्दू, बाजारात तिन्ही भाषांची सरमिसळ आणि कचेरीत मात्र केवळ मराठी, असा येथील भाषाव्यवहार आहे. एकेकाळी अलीकडे अक्कलकोटचे संस्थान होते आणि पलीकडे निजामाचे राज्य. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५६ मध्ये पलीकडचा गुलबर्गा जिल्हा हैदराबादेतून निघून म्हैसूर राज्यात गेला. सोयरिकी मात्र कोणत्याही राज्यपुनर्रचनेला जुमानीत नाहीत. मुली इकडून तिकडे दिल्या जातात आणि मजूर तिकडून इकडे येतात.

या भूमीवरून दोन राज्ये साठ वर्षांहून अधिक काळ भांडत आली आहेत. १९६७ च्या महाजन अहवालाने अक्कलकोट तालुका म्हैसूरकडे जावा असे म्हटले, महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला, आणि आमच्या मते योग्यच केले. २०२२ च्या अखेरीस हा वाद पुन्हा पेटला तेव्हा याच तालुक्यातील काही गावांनी, पाणी आणि रस्ते मिळत नसतील तर आम्ही कर्नाटकात जातो, असे ठराव केले. त्या ठरावांवर मुंबईत पुष्कळ आरडाओरडा झाला. परंतु भूमीवर दावा सांगणाऱ्या राज्याने त्या भूमीवरील एकोणीस वर्षांच्या मुलीला कोणते दार उघडून दिले आहे, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

त्या मुलीची कल्पना करू. उदाहरण कल्पित आहे, पण सीमाभागात वावरणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला ते अनोळखी वाटणार नाही. वडील बाजार आवारात हमाल होते, ते वारले. आई अडतीत धान्य झाडण्या-निवडण्याचे काम करते. धाकटा भाऊ सोळा वर्षांचा आहे. मुलगी कन्नड माध्यमातून दहावी आणि पुढे बारावी उत्तीर्ण झाली असून तिला परिचर्येचा अभ्यासक्रम करावयाचा आहे. जात इतर मागासवर्गात मोडते. आजोबा आळंद तालुक्यातून पोटासाठी येथे आले, ते १९६७ पूर्वी. हे साल महत्त्वाचे आहे. इतर मागासवर्गीयांना जातीचा दाखला देताना महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक धरतात. अनुसूचित जातींसाठी तो १० ऑगस्ट १९५० आहे आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्या दिवशी कुटुंबाचे वास्तव्य या राज्यात होते, हे सिद्ध करावे लागते. सिद्ध झाले नाही, तर माणूस स्थलांतरित ठरतो, आणि परराज्यातून आलेल्या मागासवर्गीयाला नव्या राज्याच्या सवलती आपोआप मिळत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९० पासून वेळोवेळी सांगितले आहे.

आमच्या या मुलीचा हक्क कायद्याप्रमाणे शाबूत आहे. आजोबा वेळेत आले होते. परंतु त्याचा पुरावा कोठे आहे? वास्तव्याचा पुरावा कदाचित घरपट्टीच्या एखाद्या जुन्या नोंदवहीत असेल, कदाचित वडिलांच्या नावाने शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत असेल. जातीची नोंद मात्र आजोबांच्या मूळ गावी, आणि तेथील जुने महसुली कागद निजामाच्या अमदानीतले, म्हणजे उर्दूत. अलीकडचे जुने कागद मोडीत. शाळेचा दाखला कन्नडमध्ये. कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत उतरताना आडनावाने तीन रूपे घेतलेली असतात. आधारपत्रावर एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि आईच्या बँकखात्यावर तिसरे. संगणक या तिघींना तीन निरनिराळ्या व्यक्ती समजतो. संगणकाचा तो दोष नाही. त्याला आडनावे ऐकू येत नाहीत.

आता फेऱ्यांचा हिशेब मांडा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी आणि तहसील, जातीच्या दाखल्यासाठी आणि उन्नत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्रासाठी प्रांत कार्यालय, वैधता प्रमाणपत्रासाठी सोलापूरची पडताळणी समिती, आधार दुरुस्तीचे केंद्र, बँक, शाळा आणि सीमेपलीकडील तहसील. प्रत्येक कचेरीत जबाबदार मनुष्य आहे, आणि त्यांतील बहुतेक जण वाईट नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पण त्यांच्यापैकी प्रत्येकाला फक्त आपल्या टेबलावरचा कागद दिसतो. आठही दारांतून फिरणारी मुलगी कोणालाच दिसत नाही. तिचा प्रवेश एका ठरावीक तारखेला संपतो, तिच्या आईने बचतगटाचे कर्ज काढले आहे, मामा स्थळ घेऊन आला आहे आणि भाऊ शाळा सोडून पुण्याला जाण्याच्या गोष्टी करू लागला आहे, या चार घटना एकाच गोष्टीच्या चार बाजू आहेत, हे कोणत्याही खात्याच्या नमुन्यात लिहिण्याची सोय नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही ‘व्यवहारखर्च’ हा शब्द फळ्यावर लिहीत असू आणि मुले तो वहीत उतरून घेत. त्याचा अर्थ दुधनीच्या स्थानकावर अधिक लवकर कळतो. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तेवढीच मजुरी धरली, आणि तरुण मुलीला एकटीला पाठवीत नाहीत म्हणून दोघींच्या दहा खेपा धरल्या, तर वीस दिवसांची मजुरी म्हणजे ६२४० रुपये बुडतात. तिकीट, प्रती काढण्याचा खर्च आणि प्रतिज्ञापत्रे निराळी. हा एक कर आहे. तो कोणत्याही अर्थसंकल्पात दाखविलेला नाही, त्याला विधिमंडळाची संमती नाही, आणि तो श्रीमंतांवर शून्य व गरिबांवर सर्वांत जास्त बसतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु ती माफी ज्या दाखल्यांवर अवलंबून आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च कोणी माफ केला नाही.

या पोकळीत दोन माणसे उभी असतात. एक एजंट. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तो एक खरी गरज भागवितो आणि तिचे दाम घेतो. कोणते टेबल कोणत्या दिवशी उघडे असते, कोणती त्रुटी खरी आणि कोणती सांगण्यापुरती, हे ज्ञान त्याने वर्षानुवर्षे जमविलेले असते. हे ज्ञान सार्वजनिक असावयास हवे होते, ते खाजगी मालमत्ता झाले, एवढेच. दुसरा माणूस पुढारी. तो पैसे घेत नाही. तो शिफारसपत्र देतो, साहेबांना फोन लावतो, दाखले वाटपाचे शिबिर भरवितो, आणि दाखला हातात देताना छायाचित्र काढून घेतो. एजंटाचा हिशेब त्याच दिवशी मिटतो. पुढाऱ्याचा हिशेब पाच वर्षांनी मतपेटीपाशी निघतो, आणि तेव्हाही तो पूर्ण मिटत नाही. सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे: या दुसऱ्या व्यवहारात आपल्या पक्षाचे कार्यकर्तेही सर्वस्वी निर्दोष नाहीत. आपली शिबिरे प्रामाणिक असतात. पण तीही उपकाराच्याच परंपरेतली असतात.

उपकाराचे हक्कात रूपांतर करणे हे समाजवादी चळवळीचे जुने काम आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला काम मिळत होते ते सरकारची मेहेरबानी म्हणून. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा तोच माणूस काम मागू लागला. हमालाचेही तसेच. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत माथाडी कामगार लढले, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळाची नोंद, मजुरीवरील लेव्ही व भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी रोज निराळ्या मालकाचे ओझे वाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला येऊ शकल्या. मालक बदलला तरी माणसाची नोंद एका ठिकाणी राहावी, ही त्या कायद्यातील मूळ कल्पना. दार बदलले तरी तरुणाची फाईल एका ठिकाणी राहावी, ही आमची मागणी तिच्याहून फार निराळी नाही.

समाजकार्याच्या शास्त्रात या कामाला व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात. आपल्या व्यवहारात त्याला अधिक चांगला शब्द आहे: पाठपुरावा. एका प्रशिक्षित व्यक्तीने एका तरुणाची सारी अडचण एकत्र ऐकावयाची, तिच्यातील आधी काय आणि नंतर काय ते त्याच्यासोबत बसून ठरवावयाचे, जेथे त्याला एकट्याला जाणे जमेल तेथे त्याला जाऊ द्यावयाचे, जेथे जमणार नाही तेथे बरोबर जावयाचे, आणि प्रश्न सुटेपर्यंत फाईल बंद करावयाची नाही. त्यासाठी एक पैसाही घ्यावयाचा नाही. ऐकलेले बाहेर बोलावयाचे नाही. ही शेवटची अट लहान गावात सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक असते. कारण मुलगी दाखल्यासाठी आली असे बाहेर दिसते आणि आत ती मामाने आणलेल्या स्थळाविषयी बोलत असते.

हे आपल्याकडे होणार नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही महाराष्ट्रातीलच एक उदाहरण दाखवितो. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या व्यक्ती पोलिसांच्याच इमारतीत बसू लागल्या. मारहाण होत असलेल्या स्त्रीला त्या तक्रार कशी नोंदवावी हे सांगत, तिच्या राहण्याची सोय पाहत, वकिलापर्यंत नेत, आणि पुढेही तिच्या संपर्कात राहत. आरंभी तो एका संस्थेचा प्रयोग होता. पुढे राज्य शासनाने ती पद्धत आपली मानून जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. जे काम पोलीस ठाण्यात बसून करता आले, ते नगरपरिषदेच्या एका खोलीत बसून करता येणार नाही काय? फिनलंडमध्ये गेल्या दशकापासून तीस वर्षांखालील तरुणांसाठी अशी केंद्रे निघाली आहेत. शिक्षण, नोकरी, घर आणि आरोग्य यांची माणसे तेथे एका छपराखाली भेटतात. आपल्याला साऱ्या कचेऱ्या एका छपराखाली आणणे आज शक्य दिसत नाही. सबब, माणूसच त्या कचेऱ्यांमधून फिरला पाहिजे.

आक्षेप येतील, त्यांतील दोन विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, आपले सरकार सेवा केंद्रे आहेत, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, मग आणखी माणूस कशाला? लोकसेवा हक्क कायद्याने मुदत घातली, अपिलाची सोय केली, दिरंगाईबद्दल दंड ठेवला. आम्ही त्याचे महत्त्व कमी लेखीत नाही. पण ती मुदत परिपूर्ण अर्जापासून मोजली जाते, आणि आमच्या मुलीची सारी लढाई अर्ज परिपूर्ण होण्याच्या आधीची आहे. केंद्रचालक अर्ज भरून देतो. निजामाच्या काळचा कागद शोधून त्याचे प्रमाणित भाषांतर करून आणणे हे त्याचे काम नव्हे, आणि त्यास मिळणाऱ्या शुल्कात ते बसतही नाही. तीच गोष्ट दूरध्वनीवरील मदतीची. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मानसिक आधाराची सेवा चालते, आणि रात्री दोन वाजता खचलेल्या मुलाला एक आवाज ऐकू येतो, हे फार मोलाचे आहे. तथापि सकाळी त्या मुलाबरोबर बँकेत कोण जाणार?

दुसरा आक्षेप स्वावलंबनाचा. तरुणांना असे हाताला धरून नेले तर ते पांगळे होतील, असे आमच्या पिढीतील पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. आमच्या वेळी कोण होते, असेही ते विचारतात. उत्तर असे की, आमच्या वेळी होते. एखादे गुरुजी, सेवादलाचा एखादा शाखानायक किंवा वसतिगृहाचे अधीक्षक होते; आम्ही त्यांना त्या नावाने ओळखत नव्हतो, इतकेच. ज्यांच्या घरात शिकलेला काका किंवा कचेरीत ओळखीचा कारकून असतो, त्यांना आजही असा सोबती मिळतो आणि त्यांना कोणी पांगळे म्हणत नाही. शिवाय आपल्या व्यवस्थेने वयाची एक विचित्र रेघ ओढून ठेवली आहे. बालसंगोपन योजनेचे दरमहा २२५० रुपये अठरा वर्षे पूर्ण होताच थांबतात. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यात एकवीस वर्षांपर्यंत पश्चात सेवेची तरतूद आहे. आईजवळ वाढलेल्या पितृहीन मुलीसाठी तीही नाही. राष्ट्रीय युवा धोरणाने २०१४ मध्ये पंधरा ते एकोणतीस हे युवकांचे वय मानले. या पंधरा वर्षांपैकी पहिल्या तीन वर्षांत राज्य पालक असते, आणि उरलेल्या बारा वर्षांत ते केवळ अर्ज तपासणारे असते.

खर्चाचे म्हणाल तर, एका प्रशिक्षित पाठपुरावा सेवकाला दरमहा २५ हजार रुपये वेतन धरले तर वर्षाला तीन लाख होतात. खोली, प्रवास आणि भाषांतर यांसाठी आणखी एक लाख धरा. चार लाख रुपये ही रक्कम नगरपरिषदेच्या हिशेबात किती, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाला याहून अधिक लागतात. आमचे मत असे की, वेतन राज्य शासनाने द्यावे, नेमणूक व जागा नगरपरिषदेची असावी, आणि देखरेख तालुका विधिसेवा समितीकडे असावी, म्हणजे सेवक सत्ताधारी गटाचा कारकून होणार नाही. त्याला मराठीबरोबर कन्नड आली पाहिजे, आणि दखनी समजली पाहिजे. त्याच्याकडे एका वेळी साठाहून अधिक फायली असू नयेत. किती जण भेटून गेले यावर नव्हे, किती जणांचे काम शेवटास गेले यावर त्याचे मूल्यमापन व्हावे. नाही तर त्याचीही नोंदवही इतर नोंदवह्यांसारखी सुंदर अक्षरात भरलेली राहील.

मागणी मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी काय करावे? दुधनी आणि अक्कलकोटच्या साथींना आम्ही एक साधे काम सुचवितो. बारावीचा निकाल लागल्यापासून प्रवेशाची शेवटची फेरी संपेपर्यंत आठवडी बाजाराच्या दिवशी दोघांनी एका ठरावीक जागी बसावे. एक स्त्री कार्यकर्ती असावी, आणि दोघांपैकी एकाला कन्नड यावी. फलक पक्षाचा नको. शिफारसपत्र द्यावयाचे नाही, छायाचित्र काढावयाचे नाही. कन्नड आणि उर्दू कागद वाचू शकतील अशा निवृत्त शिक्षकांची यादी आधीच करून ठेवावी. त्यांना हे काम आवडेल, आणि त्यांना विचारीत कोणी नाही. येणाऱ्या प्रत्येकासाठी वहीचे एक पूर्ण पान ठेवावे: अडचण त्याच्याच शब्दांत, कोणत्या तारखेला कोणत्या कचेरीत गेलो, काय उत्तर मिळाले, पुन्हा केव्हा बोलाविले, किती मजुरी बुडाली. पानाच्या तळाशी शेवटची ओळ, काम झाले किंवा झाले नाही, ती रिकामी असेपर्यंत पान उलटू नये. सप्टेंबरमध्ये या पानांवरून नावे गाळून गोषवारा तयार करावा, आणि तो नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढे, तहसीलदारांपुढे आणि विधिसेवा समितीपुढे लेखी मागणीसह ठेवावा. एक प्रत या साप्ताहिकाकडे पाठवावी. आम्ही ती जशीच्या तशी छापू.